एका तासात चार होड्या: व्हॅन गॉग इतक्या झपाट्यानं चित्रं कशी काढायचा?

जून १८८८. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर सँत-मारी-द-ला-मेर नावाचं कोळ्यांचं छोटं गाव. आर्लमध्ये राहणारा ३५ वर्षांचा एक डच चित्रकार चार-पाच दिवसांसाठी तिथं आला होता. वाळूत ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या त्याच्या मनात भरल्या होत्या. अडचण एकच. होड्या रोज भल्या पहाटे समुद्रात जायच्या. कॅनव्हास लावून रंगवत बसावं, एवढा वेळ त्या थांबणार नव्हत्या.

मग निघायच्या दिवशी तो पहाटेच किनाऱ्यावर गेला आणि बोरूनं चार होड्यांचं चित्र काढून मोकळा झाला. कोणता भाग कोणत्या रंगाचा, हे चित्रावरच लिहून ठेवलं. आर्लला परतल्यावर त्या कागदावरून ऑइल पेंटिंग केलं. किनाऱ्यावरच्या होड्यांचं ते पेंटिंग आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे.

त्याच सुमारास धाकट्या भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंट व्हॅन गॉग एक गोष्ट जरा अभिमानानं सांगतो. हे ड्रॉइंग एका तासात झालं, आणि तेसुद्धा फ्रेम न लावता, मोजमाप न करता, बोरू जाईल तसा जाऊ देऊन.

ही 'फ्रेम' म्हणजे काय, आणि ती लागली नाही याचं त्याला एवढं अप्रूप का वाटलं? व्हॅन गॉगच्या कामाची पद्धत समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करायला हवी.

कारण व्हॅन गॉग म्हटलं की आपल्या फीडवर दोनच गोष्टी येतात: कापलेला कान आणि 'स्टारी नाइट'. त्यावरून डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय. अंगात आल्यासारखा एक वेडा कलाकार कॅनव्हासवर रंग फेकतोय आणि मास्टरपीस तयार होतोय. आकडे बघितले तर ते खरंही वाटतं. त्याची चित्रकारकीर्द जेमतेम १० वर्षांची, १८८० ते १८९०. तेवढ्यात सुमारे ८६० ऑइल पेंटिंग्ज आणि हजाराहून जास्त ड्रॉइंग्ज. शेवटच्या सुमारे ७० दिवसांत तर जवळपास दिवसाला एक पेंटिंग.

पण त्याची ८०० हून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. ती वाचली की वेगळाच माणूस समोर येतो. ट्यूबच्या किमती, कागदाची जाडी, ईझलचे पाय, माशा, वारा यांबद्दल पानंच्या पानं लिहिणारा. (मराठीत अनेकांना तो माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकातून भेटलाय. आयर्व्हिंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ' या कादंबरीचा तो अनुवाद. आणि हो, डच लोक त्याचं आडनाव 'फान खोख'च्या जवळपास उच्चारतात. पण आपल्याकडे व्हॅन गॉग रुळलंय, तेच इथं वापरलंय.)

सुरुवात २७व्या वर्षी, तीही कॉपी करून

व्हिन्सेंट लहानपणापासून चित्रकार व्हायचं म्हणून वाढला नव्हता. १६व्या वर्षी तो गुपिल नावाच्या मोठ्या आर्ट डीलर कंपनीत नोकरीला लागला. हेग, लंडन, पॅरिस असं फिरत सात वर्षं त्यानं चित्रांच्या धंद्यात काढली. मग नोकरी गेली. शाळेत शिकवून झालं, पुस्तकाच्या दुकानात काम करून झालं, बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या भागात धर्मप्रचारक होऊन झालं. तिथूनही काढलं. १८८० मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्यानं ठरवलं की आता चित्रकार व्हायचं. कमाई शून्य. खर्च थिओ करणार.

मग त्यानं काय केलं? शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकारानं तयार केलेला ड्रॉइंगचा कोर्स तेव्हा युरोपभर चालायचा. त्यातला कोळशानं, म्हणजे चारकोलनं, नग्न मानवी आकृती काढायचा ६० तक्त्यांचा भाग व्हिन्सेंटनं समोर घेतला आणि सगळे तक्ते कॉपी केले. मग पुन्हा केले. फ्रेंच चित्रकार मिले याची शेतकऱ्यांची चित्रंही तो छापील प्रतींवरून उतरवून काढत होता. पेरणी करणारा शेतकरी तर त्यानं इतक्या वेळा काढला की पुढे दहा वर्षं तो शेतकरी त्याच्या चित्रांत परत परत येत राहिला.

ही सुरुवातीची ड्रॉइंग्ज आज पाहिली तर खरं सांगायचं तर ती अवघडलेली आहेत. खोदणाऱ्या माणसाचे हात लाकडी वाटतात, डोकं धडावर नीट बसत नाही. १८८१ मध्ये तो आई-वडिलांकडे एटन गावी राहिला आणि गावातल्या माणसांना पैसे देऊन उभं करून काढत राहिला. त्याच वर्षाच्या शेवटी तो हेगला गेला. तिथं नात्यातला नामवंत चित्रकार अँटन मौव्ह यानं त्याला वॉटरकलर आणि ऑइलची तोंडओळख करून दिली. दोघांचं फार दिवस पटलं नाही, पण हात वळू लागला होता.

१८८२ मध्ये पहिली खरी ऑर्डर मिळाली. आर्ट डीलर असलेल्या त्याच्या काकांनी हेग शहराची १२ पेन ड्रॉइंग्ज मागितली. देवळं, राजवाडे काढायचे सोडून व्हिन्सेंटनं मागच्या गल्ल्या, सुताराचं आवार, गॅसच्या टाक्या, मासे वाळत घालायची जागा काढली. स्केचिंगला बाहेर पडायची सवय इथं पक्की झाली. आणि इथंच ती फ्रेम आली.

दोरे बांधलेली चौकट

फ्रेम म्हणजे साधी लाकडी चौकट. तिच्यावर दोरे ताणलेले: एक उभा, एक आडवा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारे दोन तिरके. ही चौकट डोळ्यांसमोर धरून पलीकडे पाहिलं की समोरचं दृश्य दोऱ्यांमुळे भागांत विभागलं जातं. कागदावर किंवा कॅनव्हासवर तशाच रेषा आखून घ्यायच्या. मग झाडाचा शेंडा कोणत्या भागात येतो, रस्त्याची कड कोणत्या दोऱ्याला कुठं छेदते, हे बघत काढत जायचं. लांबचं लहान, जवळचं मोठं हे गणित आपोआप जमतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड ऑन केल्यावर दिसतात ना रेषा, साधारण तसंच काम.

ही कल्पना त्याची नव्हती. ड्यूररसारखे जुने उस्ताद अशी साधनं वापरायचे, हे त्याला वाचून ठाऊक होतं. त्यानं फक्त ती आपल्या गरजेप्रमाणे करून घेतली. ऑगस्ट १८८२ मध्ये त्यानं नवी फ्रेम बनवून घेतली आणि थिओला पत्रात तिचं स्केच काढून पाठवलं. या फ्रेमला दोन लांब दांडके होते. ते जमिनीत रोवायचे आणि लाकडी खुंट्यांनी चौकट हवी त्या उंचीवर अडकवायची. वाळू असो, नांगरलेलं शेत असो, काम चालू.

त्या पत्रांत तो असंही सांगतो की हे साधन हातात आलं म्हणजे लगेच जमत नाही, बराच काळ सतत सराव केला तर मात्र विजेच्या वेगानं काढता येतं. हे लिहिताना तो २९ वर्षांचा होता आणि त्याची झपाट्यातली एकही प्रसिद्ध चित्रकृती अजून जन्मली नव्हती.

पुढे संशोधकांनी त्याच्या चित्रांची इन्फ्रारेड तपासणी केली, तेव्हा काही पेंटिंग्जच्या रंगाखाली या फ्रेमच्या रेषा पेन्सिलीनं आखलेल्या सापडल्या. त्यांत पॅरिसच्या काळातली चित्रंही आहेत. म्हणजे पाच वर्षांनंतरही चौकट सुटली नव्हती. आता सँत-मारीच्या पहाटेकडे परत बघा. चौकटीशिवाय होड्या एका तासात उतरल्या, याचा त्याला आनंद का झाला असेल ते लक्षात येतं.

वाळू, माशा आणि एक नाकतोडा

आपल्याकडे आर्ट स्कूलची मुलं बोर्ड, रंग आणि पाण्याची बाटली घेऊन वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर जातात. त्याला ती सरळ 'लँडस्केपला जाणं' म्हणतात. युरोपात तैलरंग घेऊन असं बाहेर पडणं १९व्या शतकात सोपं झालं, त्यामागे एक छोटासा शोध आहे. पूर्वी कालवलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी एकदा टोचली की नीट बंद व्हायची नाही, रंग वाळायचा. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. झाकण लावलं की काम झालं. रंग पेटीत टाकून रानात नेता येऊ लागला.

व्हिन्सेंटनं थिओच्या पैशांतून ऑइलचं सामान घेतलं ते १८८२ च्या ऑगस्टमध्ये. लगेच तो हेगजवळच्या श्वेनिंगेनच्या किनाऱ्यावर गेला. वादळी हवा होती. वाऱ्यानं उभं राहणं कठीण, आणि उडणारी वाळू ओल्या रंगावर बसत होती. कॅनव्हासवर वाळूचा एवढा थर बसला की त्याला रंग खरवडून पुन्हा काम करावं लागलं. तरी सगळी वाळू गेली नाहीच. त्या समुद्राच्या चित्रात वाळूचे कण आजही अडकलेले आहेत. हे चित्र २००२ मध्ये व्हॅन गॉग म्युझियममधून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ माफियाशी संबंधित जागेत सापडलं. वाळू तेव्हाही जागेवर होती.

१८८५ मध्ये नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातून लिहिलेल्या एका पत्रात तो स्टुडिओत बसून चित्रं काढणाऱ्यांना टोमणा मारतो. बाहेर बसून बघा म्हणजे कळेल, असा त्याचा सूर. थिओला पाठवायच्या चार कॅनव्हासवरून आपण शंभरेक माशा काढल्या, असं तो सांगतो. धूळ, वाळू वेगळी. आणि ओलं चित्र तासन् तास झाडाझुडपांतून वाहून नेताना फांद्यांचे ओरखडे उठतात ते आणखी वेगळे.

माशा सगळ्या निघाल्या नसणार. १८८९ मधलं त्याचं ऑलिव्हच्या झाडांचं एक पेंटिंग अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स म्युझियममध्ये आहे. २०१७ मध्ये तिथल्या संवर्धन तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकातून तपासत होत्या, तेव्हा रंगात चक्क एक नाकतोडा चिकटलेला सापडला. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं तो तिथंच होता. त्यावरून चित्र कोणत्या ऋतूत काढलं हे कळेल का, म्हणून कीटकतज्ज्ञाला दाखवलं. पण नाकतोड्याचा पोटाकडचा भाग नव्हता आणि आसपासच्या रंगात धडपडीची खूण नव्हती. म्हणजे तो मेलेलाच वाऱ्यानं येऊन चिकटला होता.

न्यूनेनच्या काळातच त्यानं 'द पोटॅटो ईटर्स' हे बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं चित्र केलं. ते मात्र बाहेर बसून केलेलं नाही. आधीच्या हिवाळ्यात त्यानं शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांच्या सुमारे ४० स्टडीज केल्या होत्या, हातांच्या वेगळ्या, भांड्यांच्या वेगळ्या. एवढं झाल्यावर अंतिम चित्र बरंचसं आठवणीतून रंगवलं.

'स्टडी' हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. चित्र समोर बघून, शिकण्यासाठी केलं तर ती स्टडी. विचार करून, रचना बांधून पूर्ण केलं तर ते पेंटिंग. व्हिन्सेंट हा फरक आयुष्यभर काटेकोर पाळायचा. आज कोट्यवधींना लिलावात जाणारी त्याची बरीच चित्रं त्याच्या स्वतःच्या हिशोबात फक्त स्टडीज होत्या.

पॅरिसमध्ये रंग, आर्लमध्ये बोरू

१८८६ ते १८८८ ही दोन वर्षं तो थिओकडे पॅरिसला राहिला. इथं त्याचा काळपट, मातकट रंग गेला. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं फुलदाण्या रंगवल्या, एकामागून एक, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग पेटतो ते बघायला. त्याच कारणानं तो आरशात बघून स्वतःलाच काढत बसला. त्याची ३५ च्या आसपास सेल्फ पोर्ट्रेट्स आहेत, त्यातली बहुतेक पॅरिसमधली. रंगांच्या जोड्या अजमावायला त्यानं लोकरीचे छोटे गुंडे ठेवले होते. दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून बघायचं, चांगले दिसले तर कॅनव्हासवर. ते गुंडे ज्या लाल पेटीत असायचे ती आजही म्युझियममध्ये आहे. रंग वाया न घालवता सराव करायची याहून स्वस्त युक्ती सापडणं कठीण.

२० फेब्रुवारी १८८८ ला तो आर्लला उतरला, तेव्हा तिथं बर्फ पडलं होतं. महिनाभरात बदाम, जर्दाळू, पीच फुलले आणि तो फळबागांत घुसला. बहर थोड्या दिवसांचा. त्यामुळे एका बागेतून दुसऱ्या बागेत जात त्यानं बहराची १४ पेंटिंग्ज उरकली.

अडचण होती मिस्ट्रालची. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे सुटणारा हा थंड, कोरडा वारा दिवसच्या दिवस थांबत नाही. व्हिन्सेंटचा तोडगा असा: ईझलचे पाय जमिनीत रोवायचे, प्रत्येक पायाशेजारी ५० सेंटिमीटरची लोखंडी खुंटी ठोकायची आणि दोरीनं सगळं एकत्र बांधून टाकायचं. तंबू ठोकावा तसा ईझल ठोकायचा. एवढं करूनही कॅनव्हास थरथरायचाच.

आर्लमध्ये त्याला आणखी एक वस्तू फुकट मिळाली. तिथल्या कालव्यांच्या काठी वेत-बोरूसारखी गवतं माजलेली असतात. ती कापून, टोक तासून तो लेखणी करायचा. आपल्याकडे मोडी लिहायला वापरायचे तो बोरूच. बोरूची गंमत अशी की तो शाई थोडीच धरतो. लांब रेघ ओढता येत नाही, पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो. त्यामुळे हात आपोआप तुकड्यांत काम करतो: ठिपका, आडवा फटकारा, अर्धगोल, बारीक बारीक रेघांचे झुपके. गवताला एक खूण, नांगरटीला दुसरी, आकाशाला तिसरी.

आता त्याचं कुठलंही गव्हाच्या शेताचं पेंटिंग झूम करून बघा. ब्रशचे फटकारे तसेच दिसतील. ठिपके, आडव्या रेघा, झुपके. ज्याला आपण 'व्हॅन गॉग स्टाइल' म्हणतो, तिचा बराच मोठा भाग आधी कागदावर, शाईत घडला. निदान ती ड्रॉइंग्ज आणि पेंटिंग्ज शेजारी ठेवली की असंच वाटतं.

आर्लजवळ मोंमाजूर नावाची टेकडी आहे, वर जुन्या मठाचे अवशेष. तिथून खालचं सपाट शेतीचं मैदान दिसतं. जुलै १८८८ मध्ये त्यानं तिथं मोठी पेन ड्रॉइंग्ज केली आणि पत्रात लिहिलं की हे दृश्य बघायला आपण पन्नासेक वेळा तरी वर आलोय. ऊन, वारा, डास असतानाही. एकाच जागी पन्नास वेळा जाणारा माणूस तिथं बसला की चटकन काढणारच.

'फार घाईत केलंय'

जून १८८८ मध्ये आर्लभोवती गव्हाची सुगी सुरू झाली. व्हिन्सेंट भर उन्हात शेतात उभा राहिला आणि आठवडा-दीड आठवड्यात दहाएक पेंटिंग्ज केली. २० जूनच्या सुमारास जोराचा पाऊस आला आणि काम थांबलं.

त्यातलं 'द हार्वेस्ट', म्हणजे मधोमध निळी गाडी असलेलं पिवळंधमक मैदान, त्याला स्वतःला खूप आवडायचं. पण हे चित्र थेट कॅनव्हासवर आलेलं नाही. त्याआधी त्यानं त्याच जागेची दोन तपशीलवार, रंगवलेली ड्रॉइंग्ज केली होती. कुंपण कुठं, गंज्या कुठं, डोंगराची रेघ किती वर, हे सगळं ठरलेलं होतं. मग ब्रश उचलला.

लोक काय म्हणतील याची त्याला पूर्ण कल्पना होती. त्या दिवसांतल्या एका पत्रात तो थिओला आधीच सावध करतो: सगळे म्हणतील, हा फार घाईत काम करतो. विश्वास ठेवू नकोस. पटापट झालेल्या या चित्रांचा हिशोब खूप आधीपासून मांडून ठेवलेला असतो. आणि कुणी म्हणालंच की घाईत केलंय, तर त्याला सांग, तुम्ही घाईत बघितलंय.

घाई करायला कारणंही खरीच होती. तैलरंग ओला असतानाच त्यावर दुसरा ओला रंग लावायचा, तर एका बैठकीत पुष्कळ काम उरकावं लागतं. ऊन सरकतं, सावल्या बदलतात. गहू कापला की शेत रिकामं. आणि सर्वांत वर पैसा. थिओ महिन्याला १५० फ्रँकच्या आसपास पाठवायचा, पुढे त्याहून जास्त. त्यातले बरेच रंग-कॅनव्हासमध्ये जायचे, कारण व्हिन्सेंट रंग जाड थापायचा आणि ट्यूबा भराभर संपायच्या. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यानं लिहिलंय की गेले चार दिवस आपण मुख्यतः २३ कप कॉफी आणि उधारीच्या पावावर काढले. आपण थिओचे देणेकरी आहोत आणि ते देणं चित्रांतूनच फिटेल, हा विचार त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. त्याच्या रोजच्या कामामागे ही टोचणीही होती.

रात्रीसुद्धा तो बाहेर बसायचा. सप्टेंबर १८८८ मध्ये त्यानं आर्लमधल्या कॅफेचं गच्चीवजा अंगण आणि रोन नदीवरची ताऱ्यांची रात्र, दोन्ही जागेवर रंगवली. टोपीवर मेणबत्त्या लावून रंगवायचा, ही गोष्ट सोशल मीडियावर फिरते. पत्रांत तो गॅसच्या दिव्याचा उल्लेख करतो. अंधारात निळ्याऐवजी हिरवा उचलला जाऊ शकतो, हे मान्य करून तो म्हणतो की रात्र दिवसा बसून काढण्यापेक्षा हे बरं.

बाहेर जाता येत नाही तेव्हा

ऑक्टोबर १८८८ मध्ये पॉल गोगँ त्याच्याकडे राहायला आला. गोगँचं म्हणणं, समोर बघून काय काढतोस, आठवणीतून काढ. व्हिन्सेंटनं करून पाहिलं, पण ते त्याला मानवलं नाही. दोघांचे खटके उडत गेले. २३ डिसेंबरच्या रात्री व्हिन्सेंटनं स्वतःचा कान कापला. पुढे झटके येत राहिले आणि मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला.

इथं एक वर्ष राहून त्यानं सुमारे १५० पेंटिंग्ज केली. सुरुवातीचे काही आठवडे आवाराबाहेर जायला परवानगी नव्हती, तर त्यानं आतल्या बागेतली आयरिसची फुलं रंगवली. खोलीच्या गजांच्या खिडकीतून भिंतीनं वेढलेलं एक गव्हाचं शेत दिसायचं. ते शेत त्यानं पेरणीत, पिकलेलं, कापताना, पावसात असं पुन्हा पुन्हा काढलं.

'स्टारी नाइट' याच जून महिन्यातली. ती बाहेर बसून केलेली नाही. पहाटेपूर्वीचं आकाश त्यानं झोपायच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं, पण त्या खोलीत रंगकाम करता येत नव्हतं. चित्र झालं तळमजल्यावर त्याला दिलेल्या स्टुडिओत, आणि त्यातलं गाव त्या खिडकीतून दिसायचंच नाही. जगातलं सर्वांत प्रसिद्ध व्हॅन गॉग त्याच्या नेहमीच्या पद्धतीला सोडून आहे, आणि त्याला स्वतःला ते फारसं जमलंय असं वाटलं नव्हतं.

जूनपासून तो रुग्णालयाच्या माणसाला सोबत घेऊन बाहेर जाऊ लागला. जुलैच्या मध्यात, वाऱ्याच्या दिवशी, दगडाच्या खाणीपाशी चित्र काढत असतानाच त्याला मोठा झटका आला. तशाही स्थितीत ते चित्र त्यानं पूर्ण केलं. त्यानंतर कित्येक आठवडे बाहेर जाणं बंद. या झटक्यांमध्ये त्यानं रंग खाण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळे काही काळ रंगही काढून घेतले गेले.

ज्याला कामाशिवाय दुसरा आधार नाही, अशा माणसानं मग काय करावं? त्यानं मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती काढल्या आणि त्या रंगांत उतरवायला घेतल्या. अशी २१ चित्रं केली. ही नक्कल नव्हे, वादक जसा दुसऱ्याची रचना आपल्या पद्धतीनं वाजवतो तसं हे आहे, असं त्यानं थिओला समजावलं. झटका नसतानाचे दिवस मात्र तो पूर्ण ताब्यात राहून काम करत होता. वेड लागलं म्हणून तो चित्रं काढायचा, हा समज इथंच कोलमडतो.

हा काळ समजून घ्यायला एक जोडी जरूर बघा. 'सायप्रस असलेलं गव्हाचं शेत' हे चित्र त्यानं १८८९ च्या उन्हाळ्यात जागेवर रंगवलं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. सप्टेंबरमध्ये त्यानं त्यावरून स्टुडिओत दुसरं केलं, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही इंटरनेटवर शेजारी शेजारी उघडा. पहिल्यात रंग जाड आहे, फटकारे एकमेकांत घुसलेत, हात धावलाय. दुसऱ्यात सगळं नीटनेटकं आहे, ढग जणू इस्त्री केलेले. कोणतं जास्त आवडतं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण वाऱ्यात उभं राहून केलेलं आणि खोलीत बसून केलेलं यात काय फरक पडतो, हे एवढं स्पष्ट क्वचितच दिसतं.

ओव्हेरमधले ७० दिवस

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर-सुर-ऑइज गावी आला. खानावळीच्या माळ्यावरची छोटी खोली, आणि रोज बाहेर. गावातली गवती छपरांची घरं, चर्च, गव्हाची शेतं. इथं तो ५० बाय १०० सेंटिमीटरच्या लांबट कॅनव्हासवर काम करू लागला होता. ७० दिवसांत सुमारे ७५ पेंटिंग्ज झाली.

आणि जूनच्या सुरुवातीला, आल्यानंतर दोनच आठवड्यांत, त्यानं थिओकडे एक वस्तू मागितली. बार्गचा तो जुना चारकोलचा कोर्स. दहा वर्षांपूर्वी केलेले ६० तक्ते त्याला पुन्हा सगळेच्या सगळे कॉपी करायचे होते. आपण ते केले नाहीत तर मानवी आकृतीवरची पकड सुटेल, अशी त्याला भीती होती. तेव्हा त्याच्या नावावर 'सनफ्लॉवर्स' होती, 'स्टारी नाइट' होती.

२७ जुलै १८९० ला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलैला त्याचा मृत्यू झाला. त्या शेवटच्या दिवशी तो झाडांच्या उघड्या पडलेल्या मुळांचं चित्र रंगवत होता, असं अभ्यासक मानतात. ते अर्धवट राहिलं. जागा कोणती, हे १३० वर्षं कुणाला माहीत नव्हतं. २०२० मध्ये एका संशोधकाला ओव्हेरचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पोस्टकार्ड बघताना रस्त्याकडेच्या उतारावर तीच मुळं दिसली. तो रस्ता त्याच्या खानावळीपासून चालत काही मिनिटांवर आहे, आणि त्यातलं एक मोठं मूळ अजूनही तिथं आहे.